गेज

एकतीस वर्षं अंबडच्या कारखान्यात
तपासणी खात्यात काढली मी.
गेजची एक बाजू भोकात गेलीच पाहिजे,
दुसरी जाता कामा नये.
गेली, की लाल खोका.
त्या खोक्याशी कुणी वाद घालत नाही.

म्हणून घरात सगळ्यांनी धरून चाललेलं
की गाडी मीच निवडणार.

मृण्मयीनं पुण्याहून तक्ता पाठवला,
सात गाड्या, तेवीस रकाने,
एअरबॅगा किती, छत उघडतं का, सीट गार होते का.
"बाबा, पिवळं केलंय तेवढंच बघा."
सगळंच पिवळं होतं.

मी टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरलो.
खांब ते खांब सात फूट आठ इंच.
गाडी वजा जाता उरतात एकवीस,
दोन्हीकडे वाटले तर साडेदहा.
साडेदहा इंचांतून माझं पोट बाहेर पडत नाही.
खैरनारांची स्कूटर सरकवायला लागेल
आणि त्यासाठी आधी खैरनारांना.

वैजयंतीचा रकाना एकच, उजवा गुडघा.
मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत
प्रत्येक शोरूममध्ये ती तेच करायची :
डावा पाय आत, मग बूड,
मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत, फुलदाणी ठेवावी तसा.
विक्रेता इंजिनाचं सांगत राहायचा.
ती उतरायची.
"चढताना नाही कळत, उतरताना कळतं," म्हणायची,
आणि "नाही."
सहा गाड्यांना नाही.
सातवीतून उतरली आणि गप्प.
मग विचारलं, स्टेपनी कुठे असते?

चालवून बघायला तिनं त्र्यंबक रोड घेतला.
माझ्या मोतीबिंदूपासून गाडी तीच चालवते.
सातपूरच्या अलीकडे एक लांब भिंत आहे,
तिच्यावरच्या जाहिराती आम्हाला पाठ,
क्लासेस, मूळव्याध, पुन्हा क्लासेस.
भिंतीपलीकडे काय, हा प्रश्नच कधी पडला नव्हता.
नव्या सीटवरून दिसलं :
पेरूची झाडं, दोरीवर निळे गणवेश,
आणि एक माणूस लाल टबात कुत्र्याला आंघोळ घालतोय.
"अगंबाई," म्हणत तिनं ब्रेक दाबला.
मागचे हॉर्न वाजवायला लागले.
मागच्या सीटवरून गांगुर्डे नावाचा पोरगा म्हणाला,
"व्हिजिबिलिटी, मॅडम."

राहिली झेन.
दोन हजार पाचची, एकदा पुन्हा पासिंग केलेली.
तिची किंमत करायला दुसरा पोरगा आला, टॅबलेट घेऊन.
दाराच्या कडेवरून त्यानं नख फिरवलं,
ते मला आवडलं. कुणीतरी शिकवलेलं दिसत होतं.
बंपर रंगवलेला. मागची डावी काच उतरत नाही.
क्लच संपत आलेला.
मी हात मागे बांधून उभा,
पहिल्यांदाच खोक्याच्या बाजूला.
"पंचेचाळीस हजार, काका."

मी डावं दार उघडलं, मॅट उचललं.
सराफ बाजारात पुराच्या पाण्यात बुडाली होती ती,
नंतर तळ गंजला, आणि वडाळा नाक्याच्या सादिकभाईंनी
पत्र्याचा तुकडा लावून वरून काळं फासलं.
मीच सांगितलेलं, घरी कळायला नको.
पोरगा वाकून बघत राहिला.
"हे सांगायची गरज नव्हती, काका."
मग त्यानं एकेचाळीस केले.

परत येताना, झेनमध्येच,
द्वारकेच्या सिग्नलपर्यंत ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, "चार हजार."
सिग्नल सुटला. दुसरा गिअर नेहमीसारखा
समजूत काढल्यावर पडला.
"बरं केलंत दाखवलंत ते.
इतकी वर्षं त्या सीटवर बसले, मऊ लागायचं तिथे.
मी टाच नाही टेकवली कधी."

मी खाली बघितलं.
माझे दोन्ही बूट बरोब्बर त्या तुकड्यावर.

"पाय जरा कडेला घ्या," ती म्हणाली,
"नवी गुरुवारी मिळणार आहे."